टेकाडातला दिरहम

काही वर्षांपूर्वी एका पुस्तकात मी चांदीच्या एका नाण्याचे छायाचित्र पाहिले. दहाव्या शतकातला, मध्य आशियातल्या सामानी राजवटीचा दिरहम. लहानपणी मक्तबमध्ये अलिफ-बे गिरवलेले असल्यामुळे जुन्या कूफी वळणाची अक्षरे अडखळत का होईना, लागली. अल्लाहशिवाय दुसरा ईश्वर नाही, त्याला कुणी भागीदार नाही! नाण्याच्या कडेला भोक पाडून कडी अडकवलेली होती. आणि ते निघाले होते रशियातल्या एका दफनाच्या टेकाडातून.

स्मोलेन्स्कजवळ द्न्येपर नदीच्या काठी ग्न्योझ्दोवो नावाचे ठिकाण आहे. १८६७ मध्ये रेल्वेमार्गाचे काम चालू असताना तिथे चांदीच्या दागिन्यांचा साठा सापडला आणि पुढे टेकाडांचे उत्खनन सुरू झाले. एकेकाळी ती काही हजार होती. तिथे राहणारे स्लाव्ह आणि उत्तरेकडून आलेले स्कँडिनेव्हियन लोक मृतांचे बहुधा दहन करीत आणि राखेवर मातीचा ढीग रचीत. त्या राखेत फ्रँक लोकांच्या मुलखातली तलवारीची पाती सापडली, स्कँडिनेव्हियन स्त्रियांचे काशाचे ब्रोच सापडले, दिरहम सापडले. पूर्वेकडच्या मुस्लिम मुलखातला काशाचा एक दिवाही निघाला.

ही चांदी व्होल्गाच्या वाटेने आली. तिच्या बदल्यात जनावरांची केसाळ कातडी गेली आणि गुलाम माणसेही गेली. ९२२ मध्ये बगदादच्या खलिफाच्या वकिलातीतून आलेल्या इब्न फदलानने व्होल्गाकाठी एका रूस सरदाराचे नौकेसह दहन पाहिले. त्या वेळी एका दासीचा बळी दिला गेला, हेही त्याने लिहून ठेवले. नवऱ्याजवळ दहा हजार दिरहम जमले, की बायकोच्या गळ्यात एक कडे चढते, अशीही त्याची नोंद आहे.

टेकाडांतली माणसे स्लाव्ह की स्कँडिनेव्हियन, यावर विद्वानांनी पिढ्यान् पिढ्या वाद घातला. तलवार परदेशी, म्हणून ती बाळगणाराही परदेशी, असे मानले, तर दिरहम गळ्यात घालणारी बाई मुसलमान ठरायला हवी!

माझ्या आजीजवळ पुतळ्यांची माळ होती. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे, त्यावर ख्रिस्ती संताची आकृती. आजी पाच वेळची नमाजी. ईदला ती माळ घालायची, तेव्हा ती कुणाची, असे तिला कुणी विचारले नाही.

मला मात्र विचारतात. बी. ए.ला मराठी घेतले तेव्हापासून, 'तुमची मराठी एवढी चांगली कशी?' असे कौतुकाने विचारतात. मी हसतो. हल्ली मला ते नाणे आठवते. ते कुठून आले, हे त्याच्यावरची अक्षरे सांगतात. ते कुणाचे झाले, हे मात्र ते भोक सांगते.