एका झाडाची एक गोष्ट

नाताळात घरात सूचिपर्णी झाड सजवण्याची रीत मूळची जर्मनीतली. पूर्वी त्यावर सफरचंदे टांगीत. पुढे काचेचे गोळे आले. पण हाती येईल ते टांगले म्हणजे झाड सजले, असे नव्हे.

१९६१ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जॅकलीन केनेडी यांनी व्हाइट हाउसमधल्या झाडासाठी एकच विषय धरला, 'नटक्रॅकर' हे नृत्यनाट्य. नाताळच्या रात्री खेळण्यांत जीव येतो, अशी ती कथा. मग झाडावर खेळणी, पाखरे, देवदूत शोभले. तिथून विषय ठरवण्याचा प्रघातच पडला. १९६९ साली पॅट निक्सन यांनी विषय घेतला, प्रत्येक राज्याचे फूल. मखमलीच्या नि साटिनच्या गोळ्यांवर ती फुले उमटली. आणि ते गोळे केले कोणी? फ्लोरिडातल्या अपंग कारागिरांनी!

गुरुजी, बाई, तुमच्या शाळेत नाताळचे झाड सजवायचे झाले, तर बाजार गाठण्याआधी मुलांना विचारा, "यंदा आपल्या झाडानं काय सांगायचं?" शिवार म्हणाली, तर ज्वारीचे कणीस, कापसाचे बोंड आणू द्या. आणि एरवी मागे मागे राहणारे जे मूल असेल, त्याच्या हातचे काहीतरी झाडावर अवश्य टांगा.