उतारवयातील स्नायूंचे बळ
(संस्थेच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आताच आपण सारे उभे राहिलो, तेव्हा अनेक ज्येष्ठ सभासद खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले. "गुडघे गेले," असे आपण म्हणतो. पुष्कळदा दोष मांडीच्या स्नायूंचाही असतो. ऐन तारुण्यानंतर स्नायू हळूहळू रोडावतात. साठीनंतर ही झीज वाढते. मग घरातली माणसे म्हणतात, "तुम्ही बसा, आम्ही आणतो." माझ्या आईच्या बाबतीत मी हेच केले. पाण्याचा तांब्याही तिला उचलू दिला नाही. पुढे मोरीपर्यंत जायलाही तिला माणूस लागू लागला, आणि त्याची तिला फार लाज वाटे.

तेव्हा मला ठाऊक नव्हते, पण १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथील डॉ. मारिया फियाटारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. शुश्रूषागृहात राहणाऱ्या, नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना त्यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली! दोघांची तर चालतानाची काठी सुटली.

आपण सकाळी फिरतो, ते चांगलेच. पण त्याने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, प्रौढांनी चालण्यासारख्या व्यायामाशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. पासष्टीपुढील मंडळींनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा व ताकदीचा व्यायाम करावा. मधुमेह्यांनी तर हे ध्यानात ठेवावेच, कारण काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो.

व्यायामशाळेची फी भरायला नको. भिंतीवर तळवे टेकवून दंडासारखे पुढे-मागे व्हावे. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातांनी वर-खाली कराव्यात. श्वास मात्र कोंडू नये. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

विद्यार्थी मित्रहो, आजी उठू लागली की हात धरायला धावू नका. जवळ उभे राहा.

चहाला अजून थोडा अवकाश आहे. ज्यांना झेपेल त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवून घ्यावी, हात छातीशी धरावेत आणि सावकाश उठावे. पुन्हा बसावे. दहा वेळा. पाच जमले तरी आज पुरे.