चूक अम्मीची नव्हती

(साताऱ्यातील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी काय शिकले ते सांगायला मला बोलावलं आहे. विषयाचं नाव जरा भारदस्त आहे: मानव-संगणक आंतरक्रिया. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला एचसीआय म्हणतात. माझी खाला विचारणाऱ्यांना सांगते, ‘कंप्युटरका कुछ तो करती.’ तेही खोटं नाही. पण मी या विषयाकडे वळले ते कंप्युटरमुळे नाही, अम्मीमुळे.

मी साताऱ्यात वाढले, इंजिनिअरिंगला सांगलीत होते. एका सुट्टीत घरी आले, तेव्हा अम्मी एका योजनेचा ऑनलाइन अर्ज भरत होती. नाव बदलून सांगते. रेशनकार्डावर ‘हसीनाबी’, आधारवर ‘हसीना बी’, बँकेत नुसतं ‘हसीना’. अर्ज तीनदा परत आला. कारण एकच: ‘माहिती जुळत नाही.’ कोणती माहिती, कशाशी जुळत नाही, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा अम्मी म्हणाली, ‘मी अडाणी, माझंच काहीतरी चुकत असेल.’ आणि मी तिच्यावरच खेकसले, ‘नीट बघून का भरत नाहीस?’

तीन वर्षं प्रोग्रॅमिंग शिकलेली मुलगी मी. दोन शब्दांमधली मोकळी जागा हेही संगणकाच्या लेखी एक अक्षरच असतं, त्यामुळे त्याला या तीन वेगळ्या बायका दिसतात, हे मला माहीत होतं. तरी दोष मी अम्मीलाच दिला. त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

पुढे विद्यापीठात पहिल्याच सत्रात डोनाल्ड नॉर्मन यांचं 1988 सालचं पुस्तक वाचलं. नॉर्मन म्हणतात, वस्तू वापरताना माणूस दोन ठिकाणी अडतो. काय करायचं ते कळत नाही, आणि केल्यावर काय झालं ते कळत नाही. या दोन दऱ्यांवर पूल बांधणं हे वस्तू घडवणाऱ्याचं काम आहे. वापरणारी पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर आधी वस्तू तपासा. मला अम्मीचा चेहरा आठवला.

हा विचार आपल्याकडे परका नाही. याच साताऱ्यात 1924 साली भाऊराव पाटलांनी छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस काढलं. खेड्यातली मुलं शिकत नाहीत, तर त्यांना शिक्षणाची गोडीच नाही, असं म्हणून त्यांना गप्प बसता आलं असतं. पण अडचण मुलात नव्हती. शिकायला आलेल्या पोरानं राहायचं कुठं आणि खायचं काय, ही ती अडचण होती. म्हणून त्यांनी सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली आणलं, एका पंगतीला बसवलं.

दुसरं उदाहरण मिरजेचं. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या घडवणारी घरं आपल्या समाजातली, त्यांचं आडनावच सतारमेकर. पुरुष गायकाचा तंबोरा मोठा आणि खर्जाचा, बायकांचा लहान आणि चढ्या सुराचा. घोडी घासून जवारी काढायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि आवाज खुलेपर्यंत कान देऊन ऐकायचं. गळ्याला तंबोरा जुळत नसेल, तर कारागीर तंबोराच बदलतो. एचसीआय म्हणजे तेच काम, फक्त लाकडाऐवजी स्क्रीनवर.

आमच्या अभ्यासात काय असतं? प्रोग्रॅमिंग असतं, मानसशास्त्र असतं, चित्रं काढणं असतं. पण सगळ्यात जास्त असतं ते बघणं. ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याच्या घरी जायचं, शेजारी बसायचं, तो कुठं थबकतो ते टिपायचं. मदत करायची नाही, मध्ये बोलायचं नाही. मग कागदावर स्क्रीन काढून त्याच्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचं, ‘मनात येईल ते मोठ्यानं बोला.’ कागद फाडून नवा काढायला पैसे लागत नाहीत.

अशा कामातून काय निघतं? आयआयटी मुंबईच्या आयडीसीत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वरचक्र नावाचा कळफलक केला. त्यात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमानं आहेत. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं. ज्याला शाळेतली बाराखडी येते, त्याला मराठी टाइप करायला नवं फारसं काही शिकावं लागत नाही.

आता थोडं अवघड बोलते. प्रकल्पासाठी मी मिरज तालुक्यात काही घरांत बसले. एका बाईंचा अर्ज पूर्ण भरून झाला आणि ओटीपीपाशी अडला. नंबर नवऱ्याचा, आणि फोन नवऱ्याबरोबर गवंडीकामावर गेलेला. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत थांबलो. मी वहीत लिहिलं: एका माणसाकडे एक फोन, हे गृहीतच चुकीचं आहे. प्राध्यापकांना ते आवडलं. ओटीपी दुसऱ्या रीतीनं कसा देता येईल, याचे तीन मार्गही मी सुचवले.

पण घरी परतताना वाटेत प्रश्न पडला. त्या घरात कॉलेजला जाणाऱ्या मुलाकडे स्वतःचा फोन होता. मुलीकडे नव्हता, आईकडे नव्हता. ही रचना कुठल्या कंपनीनं किंवा कचेरीनं केलेली नाही. ती आपण केलेली आहे. सरकारनं चांगलं ॲप करावं अशी मागणी आपण जरूर करू. मात्र आईच्या पैशाचा, आईच्या दवाखान्याचा संदेश आधी भावाच्या किंवा नवऱ्याच्या हातात पडतो, ही चूक दुरुस्त करायला कोणी डिझायनर येणार नाही.

हा विषय शिकायचा असेल तर वाट सांगते. बारावीनंतर यूसीड आणि पदवीनंतर सीड, या दोन्ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. कोणत्याही शाखेची मुलं बसू शकतात, कला शाखेचीही. पेपर इंग्रजीत असतो. त्याची भीती मलाही होती, पण सरावानं ती जाते. आणि एक शिदोरी तुमच्याकडे आधीच आहे. घरात दखनी, शाळेत मराठी, फॉर्मवर इंग्रजी असं जगलेल्या माणसाला कुठं अडतं ते चटकन दिसतं. मुलाणी, आत्तार, शिकलगार या आडनावांचं प्रत्येक कागदावर वेगळं स्पेलिंग सोसलेली मुलं फॉर्म बनवायला बसतील, तेव्हा नावाच्या रकान्याचा विचार वेगळा होईल.

तोवर एक गृहपाठ. घरी अम्मी किंवा दादी फोन पुढे करून म्हणेल, ‘जरा बघ रे, काय झालंय.’ तेव्हा फोन हिसकून घेऊन दोन सेकंदांत काम उरकू नका. तो त्यांच्याच हातात राहू द्या. शेजारी बसा आणि विचारा, ‘इथं काय लिहिलंय असं वाटतं तुला?’ मग गप्प बसून ऐका.