रँक, ठसा आणि पंगत

प्रवेशाच्या आकडेवारीत प्रत्येक राज्याचा आणि प्रत्येक प्रवर्गाचा विद्यार्थी दाखवता आला म्हणजे शिक्षणसंस्था सर्वांची झाली, हा मुंबई-पुण्यातील नामवंत संस्थांचा दावा या अध्यक्षपदावरून साफ नाकारला जात आहे. ज्या आवारात नव्या मुलाला त्याच्या नावापाठोपाठ ‘रँक किती?’ असे विचारले जाते आणि त्या प्रश्नाच्या पोटात त्याची जात विचारलेली असते, त्या आवारातील विविधता हजेरीपटावरच थांबलेली आहे. वसतिगृहाच्या खोलीत, प्रयोगशाळेतील गटात आणि जेवणाच्या टेबलावर ती अजून पोचलेली नाही.

माणसाविषयीच्या ज्या तयार समजुतीला ‘साचेबंद प्रतिमा’ म्हटले जाते, तिचे मूळ छापखान्यात आहे. जुळवलेल्या खिळ्यांच्या पानाचा साचा घेऊन त्यात धातू ओतला की एक अखंड पत्रा तयार होई, त्यावरून हवे तितके छापता येई, परंतु त्यातील एक अक्षरही हलवता येत नसे. वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने १९२२ साली हा छापखान्यातला शब्द माणसांच्या मनातील चित्रांना लावला आणि तो रूढ झाला. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत असे पत्रे रोज वापरात आहेत: आरक्षणातून आलेला तो ‘कोट्यातला’, मराठी माध्यमातून आलेला तो ‘व्हर्नॅक’, घाटावरून आलेला तो ‘घाटी’, उत्तरेकडचा तो ‘भैया’ आणि ईशान्येकडचा तो ‘चिंकी’. ही नुसती थट्टा आहे, असे सांगणाऱ्यांनी ती थट्टा कोण करतो आणि कोणी ती हसून सोसायची असते, एवढेच तपासावे.

येथे मराठी समाजाला झुकते माप देता येणार नाही. मुंबईतील ‘घाटी’ या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या दुखावलेला हाच समाज पुण्यात यजमान झाला, तेव्हा त्याने मणिपूरच्या आणि नागालँडच्या मुलांना कोणत्या नावाने हाक मारली, हे पेठांतील प्रत्येक घरमालकाला ठाऊक आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या अफवा पसरल्या, तेव्हा बंगळूरप्रमाणेच पुण्याच्या स्टेशनावरही ईशान्येकडील विद्यार्थ्यांची आणि नोकरदारांची गर्दी उसळली आणि हजारो जण मिळेल त्या गाडीने घराकडे निघाले. अनेक पुणेकरांनी त्यांना थांबण्याची विनंती केली, हेही नोंदवले पाहिजे. पण ज्याला वर्षानुवर्षे परका म्हणून वागवले, त्याला एका दिवसाचा दिलासा पुरला नाही.

या साऱ्या ठशांच्या मागे ‘गुणवत्ता’ हा शब्द उभा आहे आणि खरा वाद त्याच्याशी आहे. मराठीत ‘गुण’ म्हणजे परीक्षेत मिळालेला आकडा आणि ‘गुण’ म्हणजे माणसाच्या अंगचा चांगुलपणा. भाषेने ठेवलेली ही जवळीक समाजाने इतकी शब्दशः घेतली, की आकडा कमी म्हणजे माणूस कमी, असा हिशोब घराघरांत मांडला जातो. अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेला दरवर्षी दहा लाखांहून अधिक मुले बसतात. त्यांपैकी कोणाच्या पाठीशी दोन वर्षांची महागडी शिकवणी, इंग्रजी बोलणारे घर आणि अभ्यासाची स्वतंत्र खोली असते, तर कोणाच्या पाठीशी एस.टी.चा पास आणि वर्गातल्या फळ्यावरून उतरवलेली वही. दोघांचे आकडे एकाच यादीत लागतात आणि यादी त्यांनी तोडलेल्या अंतराविषयी काहीही बोलत नाही. परीक्षेतील गुण म्हणजे गुणवत्ता नव्हे, तिचा विचार सामाजिक संदर्भातच केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील आरक्षणाच्या खटल्यात स्पष्ट केले. त्याच्या तब्बल १४० वर्षे आधी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सांगितले होते, की रयतेच्या करातून उभ्या राहिलेल्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या जातीच घेत आहेत. एवढे सांगून झाल्यावरही ‘कोट्यातला’ हा शब्द सुशिक्षितांच्या तोंडी टिकून असेल, तर तेथे अज्ञान हे कारण पुरत नाही. तेथे हितसंबंध आहे.

ठसा नुसता दुखावत नाही, तो कामगिरीही खाली ओढतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील गावांत शाळकरी मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. ३२१ मुले उच्च जातींतील होती आणि तितकीच खालच्या मानलेल्या जातींतील. जात कोणी उच्चारली नव्हती, तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी होती. प्रत्येकाचे नाव आणि जात सर्वांसमोर पुकारली गेली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींतील मुले मागे पडली. मुले तशीच होती, कोडीही तशीच होती. प्रवर्गासह गुणांची यादी सूचनाफलकावर चिकटवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने २००६ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग वाचावा.

मुंबईतील एका अग्रगण्य संस्थेच्या भोजनगृहात २०२३ साली ‘येथे फक्त शाकाहारींनी बसावे’ असे फलक लागले, पुढे त्यासाठी सहा टेबले राखून ठेवली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. शाकाहार ही कोणाचीही स्वतःची निवड असू शकते; पण शेजारच्याच्या ताटामुळे आपले टेबल विटाळते, ही समजूत महाराष्ट्राने फार जुन्या काळापासून ओळखलेली आहे. ही समजूत साताऱ्यात १९२४ साली एका स्वयंपाकघरात मोडली गेली. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे काढून दारे उघडली आणि त्या काळात ते आवश्यकच होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले आणि सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली, एका चुलीवरचे जेवायला बसवली. त्या चुलीसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात जे एका बाईच्या सोन्यावर झाले, ते आज सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या भोजनगृहात होत नसेल, तर त्याला पैशाची अडचण म्हणता येणार नाही.

मुले आपोआप मिसळतात, हा समजही सोडून द्यावा लागेल, कारण मिसळण्यासाठी मांडणी करावी लागते. दिल्लीतील महागड्या शाळांना गरीब मुलांना प्रवेश देणे बंधनकारक झाल्यानंतर गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने तेथील श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या अकारविल्हेने पाडले जात, त्यामुळे ज्यांची नावे गरीब मुलांच्या नावाशेजारी आली त्यांचा सहवास वाढला. ही मुले अधिक उदार झाली आणि गरीब मुलांविषयीचा भेदभाव त्यांच्यात कमी आढळला. यात कोणाचे प्रवचन नव्हते. हजेरीपटाचा क्रम होता.

या मांडवात बसलेल्या प्राध्यापकांपैकी, प्राचार्यांपैकी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांपैकी प्रत्येकाच्या हाती असा एक हजेरीपट आहे. नव्या सत्राची मुले येतील तेव्हा खोल्या आणि प्रयोगशाळेतील गट त्याच क्रमाने पाडावेत, फलकावरील यादीतून प्रवर्गाचा रकाना काढून टाकावा आणि भोजनगृहातील राखीव टेबलांवरची पाटी पहिल्या दिवशी, मुले जेवायला येण्याआधी, स्वतःच्या हाताने उतरवावी.