रस्त्याची दबाई

बीडहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ चौसाळ्याजवळून जातो. प्रवाशास केवळ डांबर दिसतें. परंतु रस्त्याचें आयुष्य त्याखालील थरांवर अवलंबून असतें. मराठवाड्यांतील काळी जमीन पावसांत फुगते व उन्हांत भेगाळते. तिच्यावरील भराव सारखा दाबलेला नसेल, तर रस्ता जागोजाग खचूं लागतो.

दबाई तपासण्याची रूढ रीत म्हणजे ठिकठिकाणीं खळगे घेऊन माती तोलणें. दोन खळग्यांमधील पोकळ जागा मात्र दृष्टीआड राहते. १९७४ सालीं स्वीडनमध्यें कंप पावणाऱ्या रोलरला कंपमापक बसवून प्रयोग झाले. माती घट्ट होत जाते तशी रोलरच्या ढोलाची उसळी बदलते, हें त्यामागील तत्त्व. आतां उपग्रहाच्या साह्यानें रोलरची जागाहि कळते. चालकापुढील पडद्यावर झालेल्या फेऱ्या व कच्ची राहिलेली जागा रंगांनीं उमटते.

तथापि हें यंत्र घट्टपणा सांगतें, ओलावा नव्हे. कोरडें ढेकूळहि कठीणच लागतें आणि पावसांत विरघळतें. म्हणून मातीला बेतानें पाणी देणें, खळग्यांची परीक्षा व दुतर्फा गटारें हीं चुकत नाहींत. दोष झांकला जाण्यापूर्वी तो दाखविणें एवढें यंत्राचें काम; थर उकरून पुन्हां दाबण्याचा प्रामाणिकपणा माणसाचाच असावा लागतो.