आंतरराष्ट्रीय शाळेतले पहिले दिवस

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला, 'शिक्षण आणि परदेशातील संधी'. आम्ही सूतगिरणीतले कामगार. रिंग खात्यात तीस वर्षे झाली. शाळा नववीपर्यंत, पुढचं जे काय झालं ते याच विहाराच्या वाचनालयात. परदेश आम्ही पाहिलेला नाही. पण आपल्या वस्तीतली एक मुलगी बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय शाळेत शिक्षिका म्हणून गेली. तिचा करार आम्ही तिच्या वडिलांबरोबर बसून ओळ न ओळ वाचला आणि तिकडचे तिचे पहिले दिवस फोनवर ऐकले. तेवढे सांगतो. नाव घेणार नाही. ती म्हणाली, "काका, भाषण खुशाल करा, पण माझं नाव नको आणि शाळेचंही नको."

आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे काय, हे आधी पाहू. आपल्याकडे पत्र्याच्या शेडवरसुद्धा 'इंटरनॅशनल स्कूल' अशी पाटी लागते, ती गोष्ट वेगळी. १९२४ साली जिनिव्हात अशी शाळा निघाली. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या कचेऱ्या तिथे होत्या. तिथल्या अधिकाऱ्यांची मुलं वेगवेगळ्या देशांची, त्यांनी शिकायचं कुठं? म्हणून एका घरात आठ मुलांवर शाळा सुरू झाली. कामगारांच्या जागतिक कचेरीचा या शाळेच्या जन्माशी संबंध आहे हे वाचून आम्हाला बरं वाटलं. आज अशा शाळा पैसेवाल्यांच्या झाल्या, हेही खरं.

आता कागदपत्रं. मुलगी बी.एस्सी., बी.एड. तिकडे शिकवायचं तर कामाचा व्हिसा लागतो, वर्क परमिट लागतं आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा, म्हणजे खुरुसपाचा, परवाना किंवा तात्पुरती परवानगी लागते. पदवीची कागदपत्रं साक्षांकित करून घेण्यात आणि पोलिसांचा दाखला काढण्यात तिच्या वडिलांच्या किती पाळ्या बुडाल्या ते त्यांनाच ठाऊक. एक एजंट म्हणत होता, टुरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिकडं गेल्यावर बघू. आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलं. परमिटशिवाय काम करणं तिकडं गुन्हा आहे, आणि पकडली जाते ती शिक्षिका, एजंट नाही.

करारात एक आकडा होता, परिविक्षा ११९ दिवस. मुलीला काही वाटलं नाही, पण आम्ही युनियनची माणसं, आमचं बोट तिथंच थांबलं. १२० का नाहीत? मग शोधलं. थायलंडच्या १९९८ च्या कामगार कायद्यात १२० दिवस भरले की कामावरून काढताना भरपाई द्यावी लागते. म्हणून तिकडचे मालक ११९ वर रेघ मारतात. खाजगी शाळांच्या शिक्षकांना २००७ चा वेगळा कायदा आहे, पण कराराची भाषा तीच उचललेली. आपल्याकडे बदली कामगाराचे २४० दिवस भरू नयेत म्हणून मध्येच ब्रेक देत आले, ते इथं बसलेल्या पुष्कळांनी भोगलंय. देश कोणताही असो, मालकाला मोजायला बरोबर येतं.

ती ऑगस्टमध्ये गेली. पोरं यायच्या आधी आठवडाभर नव्या शिक्षकांना शाळा दाखवतात, नियम सांगतात. सकाळी आठला तिकडं राष्ट्रगीत लागतं, सगळे उभे राहतात. मदतनीस थाई बाई तिला 'ख्रू' म्हणायची आणि पुढं तिचं पहिलं नाव. ख्रू म्हणजे आपलाच गुरू हा शब्द. मोठ्या शिक्षकाला 'आचान' म्हणतात, तो आचार्य. पण मंडळी, खरी गोष्ट पुढं आहे. आठवडाभरात एकाही थाई माणसाने तिचं आडनाव विचारलं नाही. तिकडे माणसाला पहिल्या नावानेच ओळखतात, अगदी मोठ्या साहेबालासुद्धा. सर्वसामान्य थाई लोकांना आडनाव असं नव्हतंच. १९१३ साली राजाने कायदा करून ते लावायला सांगितलं. त्याच १९१३ साली बाबासाहेब शिकायला अमेरिकेला गेले. पोरांच्या हजेरीत लांबलचक नावं, पण हाक टोपणनावाने. तिच्या वर्गात एकाचं नाव बँक आणि एकीचं आइस.

आडनाव विचारलं ते आपल्याच देशाच्या एका बाईंनी, तिसऱ्या दिवशी, स्टाफरूममध्ये डबा खाताना. पूर्ण नाव काय, मूळ गाव कुठलं, घरी काय काय खाता. हे प्रश्न कुठं निघालेत ते इथं कुणाला समजावून सांगायला नको. मुलगी म्हणाली, "आम्ही बौद्ध." बाई गप्प झाल्या, डब्याकडे बघू लागल्या. शेजारी ती मदतनीस थाई बाई होती. ती एकदम खुलून म्हणाली, "मग आम्हीसुद्धा!" आणि रविवारी हिला वाटमध्ये, म्हणजे त्यांच्या विहारात, घेऊन गेली. तिथं त्रिसरण-पंचशील तेच, उच्चार मात्र त्यांचे. धम्मचं थम्मा होतं. हे सांगताना मुलगी फोनवर रडली. आम्ही पण थोडा वेळ काही बोललो नाही.

म्हणून तिकडं सगळं सोनं आहे असं समजू नका. तिच्यासोबत इंग्लंडहून एक तरुण रुजू झाला. वर्ग तोच, तास तेवढेच. त्याला घरभाडं पूर्ण आणि दरवर्षी विमानाचं तिकीट. हिला आणि एका फिलिपिनो बाईला निम्मं भाडं, तिकीट नाही. आडनाव विचारत नाहीत, पासपोर्ट विचारतात. आणि हे एका शाळेपुरतं नाही. परदेशी नोकरदारांच्या व्हिसाची मुदत वाढवताना किमान पगार किती हवा, याचं कोष्टक थायलंडच्या इमिग्रेशन खात्याच्या २०१४ च्या आदेशासोबत होतं. अमेरिका, जपानवाल्याला महिना ५० हजार बाट, भारतीयाला ३५ हजार, म्यानमार-कंबोडियावाल्याला २५ हजार. शिक्षकांचे नियम वेगळे, पण पायऱ्या बघा. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी ठेवलेला, म्हणून वरच्याविरुद्ध एकी होत नाही.

मुलगी चिडली. आम्ही सांगितलं, पोरी, ११९ दिवस जाऊ दे, परमिट हातात येऊ दे. तोवर तोंडी वाद नको. कोणाला काय मिळतं ते तारीखवार वहीत लिहून ठेव, आणि त्या फिलिपिनो बाईला सोडू नको.

वर्गाचंही सांगतो. पहिल्याच दिवशी एका पोराने गणित बरोबर सोडवलं, हिने कौतुकाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मदतनीस बाईने नंतर बाजूला घेऊन सांगितलं, आमच्याकडे डोक्याला हात लावत नाहीत. म्यानमारचा एक मुलगा तर महिनाभर एक शब्द बोलला नाही. ही त्याच्या बाकावर बसून नुसती आकडेमोड करायची. आकड्यांना इंग्रजी लागत नाही. पुढं त्याने पहिला शब्द बोलला तो 'नाइन', आणि उत्तर बरोबर होतं. मग गुरुवंदनेचा दिवस आला. पोरं हरळी आणि वांग्याची फुलं घेऊन गुडघ्यावर बसली. हरळी चिवट म्हणून, वांग्याचं फूल खाली झुकलेलं म्हणून. हिला संकोच वाटला. आम्हालाही पोरांनी गुडघे टेकणं पटत नाही. तिकडच्याच विद्यार्थ्यांनी २०२० साली केस कापण्याच्या सक्तीविरुद्ध आणि शाळांतल्या धाकाविरुद्ध आवाज उठवला होता. मुलीने फुलं घेतली, आणि आपण खाली त्यांच्यासमोर बसली.

वर्ष संपताना दोघींनी मिळून लेखी अर्ज दिला. उत्तर आलं की ज्या देशातून भरती, त्याप्रमाणे श्रेणी. भाडं मात्र दोघींचं पूर्ण झालं. तिकिटाचं यंदा पुन्हा लिहिणार आहेत, मसुदा आमच्याकडे आलाय. इंग्रजी आमचं कच्चं, म्हणून वकील साहेबांना दाखवायला दिलाय.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही वाचनालयात बसणार आहोत. ज्यांची मुलं-मुली बी.एड. झालीत आणि बाहेर जायचं म्हणतात, त्यांनी कागदपत्रं आणि कराराची प्रत घेऊन यावं. सही करण्याआधी यावं, सही करून नव्हे.

जयभीम.