हरवलेली किल्ली
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कुणी पाककृती सांगते, कुणी प्रवासवर्णन वाचते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही मोटारीला नवी किल्ली ओळखायला शिकवलीत ना, तेच सांगा." मी काही वक्ता नव्हे. घडले तसे सांगते, चुकले तर सांभाळून घ्या.

गेल्या नवरात्रात आम्ही अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेलो होतो. गर्दीत ह्यांच्या खिशातून मोटारीची किल्ली पडली. दुसरी माझ्या पर्समध्ये होती म्हणून घरी परतलो. मोटार होंडाची, 2004 सालची, आम्ही जुनीच घेतलेली. पण खरी गंमत पुढेच आहे. हरवलेल्या किल्लीला मी हौसेने एक बिल्ला अडकवला होता आणि त्यावर मोटारीचा नंबर व घरचा पत्ता घातला होता! म्हणजे किल्ली ज्याला सापडेल त्याला मोटार कुठे उभी असते हेही आम्हीच लिहून दिलेले. त्या रात्री हे तीनदा उठले आणि खिडकीतून खाली डोकावले. मलाही झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या किल्लीवाल्याकडून हुबेहूब किल्ली घासून आणली. दार लगेच उघडले. आम्ही खूश! पण मोटार काही सुरू होईना. नुसती घरघर करी, इंजिन पकडेना. तेव्हा ओळखीच्या मिस्त्रींनी समजावले की, अशा मोटारीची किल्ली म्हणजे एका घरात नांदणाऱ्या तीन जावा. तिघींची कामे निराळी, आणि एकीचे काम दुसरी करीत नाही.

पहिली म्हणजे लोखंडी पाते. ते दाराचे कुलूप उघडते. दुसरी म्हणजे मुठीत दडलेली इवलीशी चीप. तिला सेल लागत नाही. किल्ली घालतो त्या भोकाभोवती तारेचे वेटोळे असते. तेच तिला शक्ती देते आणि तिचा आकडा वाचते. आकडा ओळखीचा नसेल तर इंजिन चालत नाही. चोऱ्या थांबाव्यात म्हणून ही सोय आहे. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना ती कायद्यानेच सक्तीची झाली. तिसरी म्हणजे बटनांचा रिमोट. तो बिनतारी संदेश पाठवून दुरून दारे उघडतो. तोही दर खेपेस तोच आकडा पाठवीत नाही. प्रत्येक दाबण्याला नवा आकडा असतो आणि मोटारीला त्याचा हिशेब ठाऊक असतो. त्यामुळे मध्येच कुणी संदेश टिपून ठेवला, तरी पुन्हा तोच वापरून दार उघडत नाही.

चीपचे काम घरी होणारे नव्हते. त्याला मोटारीशी जोडायचे यंत्र लागते. यंत्रवाल्याने मोटारीचे कागद आणि ह्यांचे ओळखपत्र पाहिले. मला ते बरे वाटले. नाही तर कुणीही उठून कुणाच्याही मोटारीची किल्ली करून घेईल! त्याने नव्या किल्लीचा आकडा मोटारीत घातला आणि हरवलेल्या किल्लीचा पुसून टाकला. आता ती किल्ली कुणाला सापडली, तर पात्याने दार उघडेल, पण मोटार चालू होणार नाही. त्या रात्री घरात सारे गाढ झोपले.

राहिला रिमोट. त्याची रीत छापील पुस्तिकेत होती, पण इंग्रजीत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मुलीने एकेक ओळ वाचून अर्थ सांगायचा आणि मी करायचे, असे ठरले. सगळी दारे लावून मी आत बसले. इंजिन सुरू न करता किल्ली फक्त 'ऑन'वर आणायची, लगेच रिमोटचे लॉकचे बटन दाबायचे आणि किल्ली परत बंद करायची. असे तीनदा. चौथ्यांदा 'ऑन' करून बटन दाबले की दारांची कुलपे आपोआप खट्‌कन वाजतात. म्हणजे मोटार म्हणते, "हं, आता सांगा." मग दहा सेकंदांच्या आत दुसऱ्या रिमोटचे बटन दाबायचे. पुन्हा खट्‌ झाले, की तोही ओळखीचा झाला.

वाचायला सोपे, पण दोनदा फसले. प्रत्येक पायरी चार-पाच सेकंदांत व्हायला हवी आणि मी आपली सावकाश, देवाला फूल वाहावे तशी! शेवटी झिम्म्याचा ठेका धरला. किल्ली, बटन, बंद; किल्ली, बटन, बंद. चौथ्या खेपेला कुलपे वाजली आणि आम्ही मायलेकी मोटारीत बसल्या बसल्या ओरडलो.

पण एक चूक झालीच. जुना रिमोट मी घरात कपाटावर ठेवून आले होते. हे संध्याकाळी तो घेऊन गेले आणि नुसते बटन दाबीत राहिले. आमच्या मोटारीत नवे शिकवणे सुरू होताच जुने सगळे रिमोट विसरले जातात. म्हणून घरात असतील तितके सगळे एकाच बैठकीत हाताशी हवेत. पुन्हा सारे केले. मात्र या विसरण्यामुळेच हरवलेल्या रिमोटचे बटनही निकामी झाले, हा फायदाच.

ही रीत आमच्या मोटारीची. तुमची निराळी असेल, ती पुस्तिकेत पाहावी. काहींना घरी जमतच नाही, यंत्रच लागते. फोर्डच्या काही जुन्या मोटारींत दोन चालू किल्ल्या हाती असल्या तर तिसरी घरीच शिकवता येते. एकच उरली तर नाही. म्हणून दोन आहेत तोवरच तिसरीचा विचार करावा.

आणखी चार गोष्टी सांगते. रिमोट चालेना तर आधी सेल बदलून पाहावा. सेलवर 2032 असे काही असते. म्हणजे रुंदी 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2. जुना नेऊन तसाच आणावा. पण घरात लहान मूल असेल तर जुना सेल क्षणभरही इकडे तिकडे टाकू नका. गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. तसा संशय जरी आला, तरी तडक इस्पितळ गाठावे. रिमोट बंद पडला म्हणून उन्हात ताटकळत उभे राहू नये, दाराला किल्लीचे भोक आहे. किल्लीला पत्ता कधीही अडकवू नये. आणि जुनी मोटार घेताना सगळ्या किल्ल्या मागून घ्याव्यात, न मिळालेल्यांचे आकडे पुसून घ्यावेत. आधीच्या मालकाकडे एखादी राहिली असेल, तर मोटार त्यालाही धनीच समजते.

बायांनो, मोटार माणूस ओळखत नाही, किल्ली ओळखते. कुणाला ओळखायचे आणि कुणाला विसरायचे हे तिला आपणच सांगायचे असते. ते काम पुरुषांचेच असे कुठे लिहिलेले नाही.

अडल्यास माझ्याकडे जरूर या. येताना घरातले सगळे रिमोट मात्र घेऊन या!